दादीजींचा आवाज आणि दुकानातील ताके

घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज टिपून ठेवावा, ही इच्छा अलीकडे व्यापारी घराण्यांतही मूळ धरू लागली आहे. लग्नातील बन्ना-बन्नीची गीते, पाळण्याजवळ म्हटली जाणारी हालरिये, स्तवने आणि सज्झाय ज्यांना वहीशिवाय मुखोद्गत आहेत, त्या स्त्रियांची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. दुसरीकडे ध्वनिमुद्रणाचे साधन प्रत्येकाच्या खिशात आले आहे. एवढी अनुकूलता असूनही घरोघरी झालेली ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकवत नाहीत. एक तर आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळून जातात, किंवा सूर चढला की तो चरचरतो, फाटतो. मग दोष फोनला दिला जातो आणि नवा माइक मागवला जातो. नव्या माइकवर तोच दोष अधिक स्पष्टपणे उमटतो.

नंदुरबारमधील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी घडलेला प्रकार या दृष्टीने सांगण्यासारखा आहे. घरात दादीजी आहेत. त्यांचे माहेर मारवाडातले, पण लग्नानंतर सारे आयुष्य तापीकाठी गेले. त्यामुळे बोलण्यात मारवाडी, गुजराती, अहिराणी आणि मराठी यांची सरमिसळ असली तरी गाणी मात्र माहेरची, जशीच्या तशी. नातसुनेने वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली. दुकानाचे जीएसटीचे काम तीच पाहते. दादीजींची गाणी टिपून ठेवण्याचा विचार तिचाच. दिवाळीत सारे कुटुंब एकत्र जमले असता नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात पहिला प्रयत्न झाला. संगमरवरी फरशी, काचेची मोठी खिडकी, प्लास्टर ऑफ पॅरिसचे गुळगुळीत छत आणि मधोमध काचेचा टीपॉय. त्या टीपॉयवर फोन ठेवला होता आणि दादीजी सोफ्यावर, त्याच्यापासून नऊ फुटांवर. पंखा चालू होता. दादीजींनी तास-दीड तास मनापासून गायले. रात्री ऐकले तेव्हा चाल कळत होती. शब्द मात्र जाणकारालाही उलगडेनात.

त्या दिवशी खोलीत बसलेल्या सर्वांना शब्द स्पष्ट ऐकू आले होते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. माणसाला दोन कान असतात. आवाज कोणत्या दिशेने येतो हे मेंदू ओळखतो, गाणाऱ्याच्या ओठांकडे डोळे लागलेले असतात, आणि भिंतींवरून परतणारा आवाज मेंदू बराचसा बाजूला सारतो. माइकला ही निवड करता येत नाही. मुखातून थेट आलेला आवाज, फरशीवरून उसळलेला, काचेवरून परतलेला आणि छतावरून खाली आलेला, हे सारे तो एकाच खात्यात जमा करतो. नंतर ती रक्कम वेगळी काढता येत नाही.

या दोषाला सर्रास ‘इको’ म्हटले जाते. शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात शिकवला जाणारा प्रतिध्वनी वेगळा. तो स्वतंत्रपणे ऐकू येण्यासाठी समोरचा अडथळा सुमारे सतरा मीटर दूर असावा लागतो. एवढा मोठा दिवाणखाना नंदुरबारात कोणाकडे असेल असे वाटत नाही. घरात घडतो तो निनाद. शेकडो परावर्तने इतक्या लगोलग येतात की ती सुटी ऐकू येत नाहीत, मूळ आवाजाला लांबलचक शेपूट मात्र जोडतात. पुढचा शब्द उच्चारला जातो तेव्हा मागच्या शब्दाची शेपूट खोलीत फिरतच असते.

या निनादाचा हिशेब पहिल्यांदा मांडणारा माणूस अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा तरुण प्राध्यापक होता. वॉलेस सॅबिन हे त्याचे नाव. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणाला समजेना, तेव्हा ते दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. शांतता हवी म्हणून तो रात्री काम करी. साधने तरी काय, तर ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे घड्याळ आणि स्वतःचे कान. रिकाम्या सभागृहात एकदा काढलेला आवाज साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत असे. जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या सॅबिन रात्री उचलून आणी, सभागृहात मांडी, मोजमाप घेई आणि सकाळ होण्यापूर्वी परत नेऊन ठेवी. गाद्या वाढत गेल्या तसा रेंगाळण्याचा काळ घटत गेला. त्यातून त्याने जे सूत्र बांधले ते जगभरातील सभागृहे बांधताना आजही वापरले जाते. खोलीचे घनफळ मीटरच्या मापात घ्यावे, त्याला ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण शोषणाने भागावे. उत्तर सेकंदांत मिळते.

व्यापारी माणसाला हा हिशेब अवघड नाही. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घेतली तर घनफळ साठ घनमीटर, आणि भिंती, फरशी व छत मिळून ९४ चौरस मीटर पृष्ठभाग. फरशी, काच आणि रंगवलेला गिलावा आपल्यावर पडलेल्या आवाजापैकी शेकडा तीनच्या आसपासच शोषून घेतात, बाकीचा परत पाठवतात. एकूण शोषण तीनपेक्षाही कमी भरते आणि निनाद तीन सेकंदांच्या वर जातो. आता त्याच खोलीत वीस चौरस मीटरभर कापसाच्या जाड गाद्या उभ्या-आडव्या मांडल्या, आणि त्या पडेल त्या आवाजातील शेकडा साठ शोषतात असे धरले, तर निनाद पाऊण सेकंदाच्या आत येतो. सामानसुमान आणि माणसे यांनी प्रत्यक्षातले आकडे थोडे बदलतात. हिशेबाची दिशा तीच राहते. कापसाच्या तंतूंमधून हवा मागेपुढे सरकते, घर्षण होते आणि आवाजाची शक्ती अत्यल्प उष्णतेत रूपांतरित होऊन संपते. खानदेशात पिकणाऱ्या कापसाचा हा उपयोग सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

जुन्या पेढीची आठवण इथे होते. पांढऱ्या चादरीची बैठक, लोड-तक्के, लाकडी तुळयांचे छत, भिंतीतील कोनाडे, कपाटातील चोपड्यांच्या चळती. त्या पेढीवर दहा माणसे एका वेळी सौदे करीत, तरी कोणाला आवाज चढवावा लागत नसे. आजच्या गुळगुळीत दिवाणखान्यात चौघे बोलू लागले की दूरदर्शन संचाचा आवाज वाढवावा लागतो. वैभव वाढले हे खरे, पण कानाच्या बाजूने व्यवहार तोट्याचाच झाला.

दिवाणखान्यातील अपयशानंतर नातसुनेने यूट्यूबवर उपाय शोधले. पहिलाच उपाय असा निघाला की अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणून भिंतींना चिकटवावेत! जैन घरात ही सूचना वाचून हसावे की कपाळावर हात मारावा, हेच कळेना. वास्तविक विज्ञानाच्या दृष्टीनेही त्या ट्रेंचा फारसा उपयोग नाही. पातळ पुठ्ठा वरच्या पट्टीतील थोडा आवाज अडवतो आणि खालच्या पट्टीतील घुमारा तसाच सोडून देतो. बाजारात मिळणाऱ्या इंचभर जाडीच्या स्पंजाच्या चौकटींचीही तीच गत. सेकंदाला शंभर कंपने असलेल्या खर्जाच्या आवाजाची एक लहर साडेतीन मीटरच्या जवळपास लांब असते. इंचभर स्पंज तिला काय अडवणार? तिथे जाडीच लागते. घरातील गादी, रजई, दुहेरी घातलेली गोधडी ही साधने त्यामुळे अधिक कामाची ठरतात, आणि भिंतीला चिकटवण्याऐवजी चार-सहा बोटे अंतर सोडून टांगली तर अधिकच.

दुसरा प्रयत्न नव्या माइकवर झाला. संगणकाला जोडता येणारा हा माइक ऑनलाइन मागवला होता. दादीजींचा आवाज आता क्षीण झालेला. म्हणून माइकची कळ पूर्ण फिरवून ठेवली. दादीजींनी सुरुवात हळू केली, पण माहेरची आठवण जागवणाऱ्या एका लग्नगीताच्या टेकेवर त्या रंगात आल्या आणि आवाज उंच चढला. ऐकताना नेमकी ती टेक फाटलेली निघाली.

फाटण्याचे कारण वहीखात्याच्या भाषेत चटकन समजते. संगणक आवाजाची नोंद आकड्यांनी करतो. सोळा बिटांच्या नोंदीत सर्वांत मोठा आकडा ३२,७६७ हा असतो. आवाज त्याहून मोठा आला तरी रकाना तेवढाच. वहीत ३२,७६७ इतकेच लिहिले जाते. पुढच्या क्षणीही तेच, त्यापुढच्या क्षणीही तेच. लहरीचा गोलाकार माथा कापला जाऊन सपाट पठार तयार होते आणि कानाला ते चरचरल्यासारखे ऐकू येते. जुन्या कॅसेटमध्ये मर्यादा ओलांडली तरी आवाज हळूहळू बिघडत असे, त्यामुळे थोडी चूक खपून जाई. आकड्यांच्या नोंदीत ती सवलत नाही. कळ नंतर कमी केल्याने फाटलेला आवाज हळू होतो, फाटलेलाच राहतो. ऑडॅसिटीसारख्या मोफत संगणक प्रणालीत कापलेले माथे पुन्हा गोलाकार करण्याची सोय आहे. पण ती आजूबाजूच्या आकड्यांवरून केलेला अंदाज असतो, आणि हरवलेल्या पावतीच्या जागी अंदाजे रक्कम लिहिण्याइतकाच त्याचा भरवसा.

उपाय दोन, आणि दोन्ही बिनखर्ची. कर्ज देताना तारणावर जसे मार्जिन ठेवतात तसे आवाजातही ठेवावे. गाणाऱ्याला सर्वांत चढी ओळ आधी म्हणायला लावावी आणि ती म्हणताना मोजपट्टीवरील काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील इतकी कळ ठेवावी. म्हणजे सर्वांत उंच सूरही आठ हजारांच्या आकड्याजवळ राहतो आणि वर चौपट जागा मोकळी उरते. गाणारी व्यक्ती रंगात आली की चाचणीपेक्षा मोठ्याने गाते, हे गृहीतच धरावे. हळू टिपलेला आवाज नंतर मोठा करता येतो.

दुसरा उपाय अंतराचा. माइक मुखापासून एक वीत, म्हणजे नऊ इंचांच्या आसपास असावा. दिवाणखान्यात फोन नऊ फुटांवर होता, म्हणजे बारापट दूर. थेट पोहोचणारा आवाज अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. त्या हिशेबाने फोनपर्यंत विताच्या तुलनेत एकशे चव्वेचाळिसावाच हिस्सा पोहोचला. भिंतींवरून फिरणारा निनाद मात्र खोलीभर सारखाच पसरलेला असतो, त्यामुळे त्याचे पारडे जड झाले. माइक जवळ आणला की कळ आपोआप कमी ठेवता येते, पंख्याची घरघर मागे पडते आणि खोलीचा दोषही निम्म्याहून अधिक झाकला जातो. फक्त माइक तोंडासमोर सरळ न धरता किंचित बाजूला, गालाच्या रेषेत धरावा. प, फ, ब, भ या अक्षरांबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो आणि तो माइकवर थेट आदळला की ‘भप्प’ असा धक्का उमटतो. ‘प्रभु’ आणि ‘पार्श्व’ हे शब्द ज्या स्तवनांत ओळीओळीला येतात, तिथे ही काळजी घ्यावीच लागते. भरतकामाच्या लाकडी कड्यावर मलमलचा तुकडा ताणून माइकपुढे धरला तरी झोत मोडतो.

भारतातील ध्वनिमुद्रणाचा आरंभही एका परीने घरगुतीच होता. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यातील एका हॉटेलच्या खोल्यांत यंत्र मांडले आणि गौहर जान यांचे गाणे टिपले. त्या काळी विजेचा माइक नव्हता. गाणारीने तोंड भल्यामोठ्या कर्ण्याजवळ नेऊन गायचे, आणि सूर चढवताना डोके मागे घ्यायचे. कळ नसल्यामुळे अंतर हीच कळ होती. विजेवरचे मुद्रण १९२५ च्या सुमारास आले, पण अंतराचे ते शहाणपण आजही तितकेच उपयोगी आहे. गौहर जान ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. मूळ मुद्रणे मुद्रिका तयार करण्यासाठी जर्मनीला पाठवली जात आणि तिथल्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे त्यावरून कळे.

तिसरा प्रयत्न करण्यापूर्वी दोन-अडीच महिने गेले. मध्यंतरी दादीजी आजारी पडल्या. रुग्णालयातून घरी आल्या तेव्हा आवाज बसलेला होता आणि श्वास लवकर तुटत होता. थंडी ओसरू लागल्यावर त्यांनीच विचारले, “बींदणी, ते तुझे गाण्याचे यंत्र कुठे गेले?”

या वेळी नातसुनेने घराऐवजी दुकान निवडले. साप्ताहिक सुट्टीचा दिवस, सकाळची वेळ. दुकानाच्या तिन्ही भिंतींवर छतापर्यंत कापडाचे ताके रचलेले. जमिनीवर ग्राहकांसाठी गादीची बैठक. मधोमध उभे राहून तिने एक टाळी वाजवली. दिवाणखान्यात टाळीनंतर टणत्कार मागे राहत असे. इथे टाळी वाजली आणि तिथल्या तिथे संपली. शहरातील भाड्याच्या स्टुडिओत पैसे मोजून जी शांत खोली मिळते, तिच्या तोडीची खोली या कुटुंबाच्या मालकीची तीन पिढ्यांपासून होती. उणीव एकच, समोरचे लोखंडी शटर. ते आवाज परत पाठवते आणि ट्रक गेला की खडखडते. त्यापुढे दोरी बांधून दोन जाड गोधड्या टांगल्या. पंखा, इन्व्हर्टर आणि ट्यूबलाइट बंद केल्या, कारण त्यांची गुणगुण गाताना जाणवत नसली तरी ओळींमधील शांततेत ती वर येते. फोन विमान मोडवर टाकले. नातसुनेने तपासणीसाठी तारेचा हेडफोन लावला. बिनतारी ब्लूटूथ संच तिने मुद्दाम टाळला; त्यातील माइक वापरला की बहुतेक फोन संभाषणाच्या दर्जावर उतरतात आणि आवाज दबका, टेलिफोनसारखा होतो.

दादीजी नेहमीच्या गल्ल्याजवळच्या तक्क्याला टेकून बसल्या. एका वेळी एकच गाणे, मग पाणी, मग थोडी विश्रांती. प्रत्येक गाण्याआधी त्या आपले नाव, माहेरचे गाव आणि गाणे कोणाकडून शिकल्या ते सांगत. ही कल्पना नातसुनेला गौहर जानवरून सुचली नव्हती. खतावणीत तपशिलाशिवाय नोंद करायची नाही, ही दुकानाची शिस्त तिच्या अंगवळणी पडली होती एवढेच. महाराष्ट्रात याच शिस्तीचे फार मोठे काम झालेले आहे. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील बऱ्याच ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. गाणारीचे नाव आणि गाव सोबत असल्याने त्या ओवीला आज धनीण आहे.

त्या घरातील धाकट्या नातवाचे दुखणे निराळे. तो ट्रॅक लावून स्तवन म्हणतो आणि ट्रॅक स्पीकरवर वाजवतो. तोच ट्रॅक माइकमधून पुन्हा आत येतो, क्षणभर उशिराने, आणि सारे दुहेरी ऐकू येते. ट्रॅक हेडफोनमध्ये घेतला की तो दोष गेला. आणखी एक खोड अवघ्या गावाची आहे. भक्तिसंध्येत ध्वनिक्षेपकावरची ‘इको’ची कळ पूर्ण फिरवल्याशिवाय आयोजकांना भक्तिरस आल्यासारखे वाटत नाही. मंदिराच्या संगमरवरी घुमटाखाली संथ लयीत म्हटलेले स्तवन घुमते तेव्हा ते शोभते, कारण तिथे लय त्या जागेला धरून असते. जलद चालीवर तोच घुमारा चढवला की शब्दांचा लगदा होतो. ज्यांना हवाच असेल त्यांनी कोरडे मुद्रण करून घुमारा मागाहून घालावा. दुधाला विरजण केव्हाही लावता येते. लागलेले विरजण मात्र काढून घेता येत नाही.

दुकानात दोन बैठकींत चौदा गाणी झाली. प्रत्येकाच्या तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना त्या डॉक्युमेंट म्हणून पाठवल्या, कारण बोलका संदेश म्हणून पाठवल्यास आवाज दाबला जाऊन निकृष्ट होतो. शब्द स्पष्ट आहेत. दादीजींचा श्वास मध्ये तुटतो तोही ऐकू येतो, आणि तो काढून टाकायला नातसुनेने नकार दिला.

त्या लग्नगीताचे मात्र एकच कडवे दुकानात झाले. आजारपणानंतर दुसरे कडवे दादीजींना आठवेना. दोन-तीनदा त्या टेकेपर्यंत आल्या आणि थांबल्या. ते कडवे आता फक्त दुसऱ्या प्रयत्नातील फाटलेल्या मुद्रणात आहे. नातसुनेने हेडफोन लावून, एकेक ओळ वीस-वीस वेळा ऐकून ते वहीत उतरवून काढले. तिसऱ्या ओळीतील दोन शब्द चरचरीत बुडालेले आहेत. दादीजींनाही ते ऐकवले. त्यांनी बराच वेळ कान देऊन ऐकले आणि मान हलवली. वहीत त्या दोन शब्दांची जागा रिकामी सोडली आहे.